उमेदवारीची वही : पुण्यात पहिली नोकरी शोधणाऱ्यांसाठी

दरवर्षी जून-जुलैत शेवटच्या सत्राचे निकाल लागले की पुण्यातल्या कॉट बेसिसच्या खोल्यांतून एकच उद्योग सुरू होतो. रात्री मेसचे जेवण झाले की मोबाइलवर नोकरीचे अ‍ॅप उघडायचे आणि दिसेल त्या जाहिरातीवर ‘अप्लाय’चे बटण दाबत सुटायचे. महिनाअखेरीस दोनशे-अडीचशे अर्ज गेलेले असतात, पण कुठे कुठे अर्ज केला असे कोणी विचारले तर दहा नावेही धड सांगता येत नाहीत. मी चौदा वर्षे भरतीच्या कामात आहे, आधी भोसरीतल्या एका कारखान्यात आणि आता हिंजवडीत. या काळात हजारो अर्ज हाताखालून गेल्यावर माझे मत असे झाले आहे की अर्ज पाठवणे हा नोकरी शोधण्यातला सर्वांत लहान भाग आहे. मोठे काम पाठवण्याआधी आणि पाठवल्यानंतर असते, आणि ते नीट व्हायचे तर त्याची नोंद हवी. म्हणून सुरुवात बायोडेटापासून न करता वहीपासून करावी.

पायरी पहिली : वही घालणे

साधी दोनशे पानी वही चालेल. एक्सेलचा हात असेल तर शीट करावी. रकाने सातच पुरेत : तारीख, कंपनी, पदाचे नाव, जाहिरात कुठे पाहिली, कोणता बायोडेटा पाठवला, कोणाशी बोलणे झाले आणि पुढे काय झाले. प्रत्येक जाहिरातीचा पूर्ण मजकूर उतरवून किंवा कॉपी करून ठेवावा. मुदत संपली की जाहिरात संकेतस्थळावरून नाहीशी होते आणि मुलाखतीचा फोन येतो तो बहुधा त्यानंतरच. मग उमेदवार ‘कोणत्या पदासाठी बोलताय?’ असे विचारतो आणि फोन करणाऱ्याचे मत तिथेच बनते.

वहीचा खरा उपयोग महिनाभराने कळतो. तीस अर्ज नीट वाचून, निवडून केले आणि एकही फोन आला नाही, तर दोष बायोडेटात आहे किंवा तुम्ही आपल्या पात्रतेबाहेरच्या जागा धरता आहात. फोन येतात, पण ऑनलाइन चाचणीत अडकायला होते, तर मुलाखतीची तयारी बाजूला ठेवून महिनाभर गणित, तर्क आणि इंग्रजी उताऱ्यांचा सराव करावा. चाचणी पार होते आणि मुलाखतीनंतर शांतता पसरते, तर बोलण्याकडे आणि विषयाच्या पायाकडे पाहावे लागेल. हे तीन वेगवेगळे आजार आहेत. त्यांवर एकच औषध, म्हणजे ‘आणखी अर्ज कर’, हा सल्ला घरोघर दिला जातो आणि तो बहुतेक वेळा वाया जातो.

पायरी दुसरी : कोणते पुणे ते ठरवणे

‘पुण्यात नोकरी हवी’ हे वाक्य बाहेरगावाहून येणाऱ्याच्या तोंडी ठीक आहे, पण इथे शोध घेताना ते फार मोघम ठरते. पश्चिमेला हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क, त्याच्या अलीकडे बाणेर-बालेवाडी, पूर्वेला खराडी आणि हडपसरचे मगरपट्टा सिटी हा माहिती तंत्रज्ञानाचा आणि बँका-विमा कंपन्यांच्या कार्यालयीन कामांचा पट्टा. पिंपरी, आकुर्डी, भोसरी आणि नाशिक रस्त्यावरचे चाकण हा वाहन उद्योगाचा आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांचा पट्टा. नगर रस्त्यावर सुमारे पन्नास किलोमीटरवर रांजणगाव, मुंबईच्या बाजूला तळेगाव. औषधे आणि लसनिर्मितीत रस असणाऱ्या विज्ञान पदवीधरांनी हडपसर-मांजरीची बाजू पाहावी, कारण सीरम इन्स्टिट्यूट तिथे आहे. वाणिज्य शाखेच्या मुलांना मात्र एका पट्ट्यात बांधून घ्यायचे कारण नाही. टिळक रस्ता, लक्ष्मी रस्ता आणि पेठांमधली सनदी लेखापाल व कर सल्लागारांची कार्यालये ही त्यांची पहिली शाळा असते. तिथे पगार कमी असतो, पण एका वर्षात हाताखालून जितकी खाती जातात तितकी मोठ्या कंपनीत तीन वर्षांतही जात नाहीत.

यातले दोन पट्टे निवडून वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत. राहण्याची जागा त्यानंतर शोधावी. कोथरूडला मावशीकडे सोय आहे म्हणून राहायचे आणि चाकणच्या पहिल्या पाळीला पोहोचायचे, असा बेत आखणारी मुले मी पाहिली आहेत. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा राजीनामा येतो. हिंजवडीला भूमकर चौकातून किंवा वाकडच्या बाजूने सकाळी नऊ वाजता जाणे म्हणजे काय असते, हे नोकरी स्वीकारण्याआधी एकदा त्याच वेळी जाऊन अनुभवावे. मेट्रोच्या पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या मार्गिकांमुळे पिंपरी आणि नगर रस्त्याकडे जाणे बरेच सोपे झाले आहे. खराडीसाठी रामवाडीला उतरून पुढे बस किंवा रिक्षा धरावी लागते. चाकण-रांजणगावच्या मोठ्या कारखान्यांच्या स्वतःच्या बस असतात. कोणत्या थांब्यावरून आणि किती वाजता, हे मुलाखतीच्या शेवटी विचारण्यात काहीच गैर नाही.

पायरी तिसरी : कागदपत्रे आणि नावाचा घोळ

ही पायरी कंटाळवाणी असल्यामुळे सगळे शेवटी ठेवतात, आणि रुजू होण्याच्या आठवड्यात धावपळ करतात. दहावीपासूनच्या सर्व गुणपत्रिका, प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र हातात येईपर्यंत विद्यापीठाचे प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, आधार, पॅन, बँकेचे पासबुक आणि जातीचे किंवा अधिवासाचे दाखले लागणार असतील तर ते, हे सगळे स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवावे. फाइलला ‘स्कॅन००१७’ असे नाव न देता स्वतःचे नाव आणि कागदाचे नाव द्यावे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे नाव तपासावे. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आधारवर क्रम वेगळा असतो, पॅनवर मधले नाव कधी आद्याक्षरापुरतेच असते आणि बँकेत ‘दत्तात्रय’चा ‘दत्तात्रेय’ झालेला असतो. नोकरी मिळताना यातले बरेच खपून जाते. पुढे भविष्य निर्वाह निधीची रक्कम काढताना हीच एक मात्रा आडवी येते. त्यामुळे हातात वेळ आहे तोवर आधार आणि पॅन दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळवून घ्यावे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत जवळ ठेवावी.

काही कंपन्या पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. यासाठी अर्ज करताना हे लक्षात असावे की पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवड ही २०१८ पासून दोन वेगवेगळी पोलीस आयुक्तालये आहेत, आणि वाकड, हिंजवडी, चाकण हे भाग दुसऱ्या आयुक्तालयात येतात. कंपनीचा पत्ता इथे उपयोगाचा नाही. तुमचा राहण्याचा पत्ता ज्या आयुक्तालयात येतो तिथे अर्ज करावा.

पायरी चौथी : बायोडेटा

एक पान. नव्या पदवीधराला दुसऱ्या पानाची गरज मला आजवर दिसलेली नाही. वडिलांचा व्यवसाय, धर्म, छंदांत ‘गाणी ऐकणे’, शेवटी ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ आणि त्याखाली सही, हा जुना साचा आता सोडून द्यावा. तो लग्नाच्या बायोडेटाला शोभतो. वर नाव, मोबाइल, ईमेल आणि राहण्याचे उपनगर एवढे लिहावे. ईमेल पत्ता नावाचाच असावा; बारावीत काढलेला टोपणनावाचा पत्ता भरतीच्या टेबलावर हास्याचा विषय होतो, हे कटू असले तरी सांगितले पाहिजे. पीडीएफ पाठवावी आणि तिचे नाव ‘फायनल नवीन २’ असे नसावे.

खरी कसोटी मजकुराची असते. एका वाणिज्य पदवीधर मुलीच्या बायोडेटात ‘टॅली आणि जीएसटीचे चांगले ज्ञान’ अशी ओळ होती, आणि तिला तीन महिने एकही फोन आला नव्हता. ती काय काम करत होती असे विचारल्यावर कळले की ती सहा महिने एका कर सल्लागाराकडे जात होती, रोजची खरेदी बिले टॅलीत चढवत होती आणि महिन्याच्या चौदा तारखेनंतर जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचे जीएसटी पोर्टलवरचे विवरण) डाउनलोड करून खरेदीच्या नोंदींशी ताळमेळ घालत होती. आम्ही तिची ओळ बदलली : ‘सहा महिने कर सल्लागाराच्या कार्यालयात काम, नऊ ग्राहकांच्या खरेदी बिलांची टॅलीत नोंद आणि जीएसटीआर-२बीशी दरमहा ताळमेळ, न जुळणाऱ्या बिलांचा पुरवठादारांकडे पाठपुरावा.’ ज्ञान तेवढेच, पण आता वाचणाऱ्याला तिला खुर्चीवर बसवल्यावर दुसऱ्या दिवशी कोणते काम देता येईल ते दिसत होते. पुढच्या दोन आठवड्यांत तिला तीन ठिकाणांहून बोलावणे आले.

प्रत्येक ओळीला हाच प्रश्न लावावा. अभियांत्रिकीच्या मुलांनी प्रकल्पाच्या नावापुढे आपण स्वतः नेमके काय केले ते लिहावे, कारण चौघांच्या गटात एकाने काम आणि तिघांनी बाइंडिंग केलेले असते हे मुलाखत घेणाऱ्यालाही ठाऊक असते. त्यानेही तेच केलेले असते. एमएस-सीआयटी जरूर लिहावे, पण महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक अर्जावर ते असल्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नये. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल आणि व्ही-लूकअप येत असेल तर तसे स्पष्ट लिहावे, आणि लिहिले असेल तर ते खरोखर यावे, कारण लॅपटॉप समोर सरकवून ‘करून दाखवा’ म्हणायला अर्धा मिनिट लागतो.

वेगवेगळ्या कामांसाठी दोन किंवा तीन बायोडेटा तयार ठेवावेत आणि कोणता कुठे गेला ते वहीत लिहावे. संगणकीय चाळणी जाहिरातीतले शब्द शोधते, म्हणून जाहिरातीत ‘अकाउंट्स पेएबल’ असेल आणि तुम्ही तेच काम केलेले असेल तर तोच शब्द वापरावा. न केलेल्या कामाचा शब्द घालू नये.

पुण्यात एक वेगळा वर्ग आहे, त्यांच्यासाठी इथे थोडे थांबतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तीन-चार वर्षे काढून जे खासगी नोकरीकडे वळतात, ते बायोडेटातली ती वर्षे लपवायला बघतात. लपवू नयेत. ‘जून २०२२ ते मे २०२५ : राज्यसेवा परीक्षेची तयारी, पूर्वपरीक्षा दोनदा उत्तीर्ण’ अशी एक सरळ ओळ पुरेशी असते. मुलाखतीत त्यावर प्रश्न येणारच. तेव्हा परीक्षेबद्दलचा राग किंवा व्यवस्थेबद्दलची तक्रार न मांडता, आता हे काम का हवे आहे तेवढे सांगावे. ‘पुन्हा परीक्षेला बसणार का?’ या प्रश्नाचे उत्तर घरून ठरवून जावे, कारण तिथे अडखळलेला उमेदवार सहा महिन्यांत सोडून जाईल असेच समोरचा धरतो. मोठ्या कोऱ्या काळानंतर थेट हव्या त्या पदावर जाणे कठीण असते, हेही मान्य करून एखाद्या वर्षासाठी एक पायरी खालून सुरुवात करण्याची तयारी ठेवावी.

पायरी पाचवी : जागा शोधायच्या कुठे

नोकरी डॉट कॉम, लिंक्डइन, इंडीड ही संकेतस्थळे सर्वांना ठाऊक आहेत. तिथे प्रोफाइल दर आठवड्याला उघडून एखादी ओळ अद्ययावत करावी, कारण भरती करणारे अलीकडे सक्रिय असलेले उमेदवार आधी पाहतात. कंपन्यांची स्वतःची ‘करिअर्स’ पाने त्याहून भरवशाची. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या कॅम्पसबाहेरच्या मुलांसाठी स्वतंत्र परीक्षा घेतात. टीसीएसची राष्ट्रीय पात्रता चाचणी हे त्याचे परिचित उदाहरण. भोसरी-पिंपरीच्या लहान कारखान्यांच्या, शाळांच्या आणि दुकानांच्या जागा मात्र अजूनही मराठी दैनिकांच्या छोट्या जाहिरातींत आणि कारखान्याच्या फाटकावरच्या फलकावर दिसतात. एक दिवस भोसरी एमआयडीसीत फलक वाचत हिंडणे हा वेळेचा अपव्यय नाही, आणि हे मी डिप्लोमावाल्यांना विशेषतः सांगतो.

सरकारी वाटेकडे पदवीधर उगाच नाक मुरडतात. राज्याच्या महास्वयं पोर्टलवर नोंदणी मोफत होते, आणि पुण्यात रास्ता पेठेतल्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रामार्फत रोजगार मेळावे भरतात. मेळाव्याला जाताना बायोडेटाच्या दहा-पंधरा प्रती आणि पाण्याची बाटली न्यावी, आणि कोणत्या कंपन्या येणार आहेत ती यादी पोर्टलवर आधी वाचून जावे. नाहीतर सगळा दिवस चुकीच्या रांगेत जातो. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली. १८ ते ३५ वयोगटातल्या महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी असलेल्या या योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले गेले. मुदत आधी सहा महिने होती, ती पुढे अकरा महिने झाली. रुजू होण्याआधी ताज्या अटी पोर्टलवरच पाहाव्यात, आणि ही कायम नोकरी आहे असे मनाशी धरू नये.

शिकाऊ उमेदवारी हा अभियांत्रिकी आणि पदविकेच्या मुलांसाठी मला सर्वांत आवडणारा मार्ग आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदवीधर आणि पदविकाधारकांना सहसा एक वर्षाची उमेदवारी मिळते. तिची नोंदणी केंद्राच्या नॅट्स (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना) पोर्टलवर होते. शिकाऊ उमेदवार हा कर्मचारी नसतो, त्याचा भविष्य निर्वाह निधी कापला जात नाही आणि वर्षाअखेरीस कंपनीने त्याला ठेवून घ्यावे असे बंधनही नसते. तरीही प्रत्यक्ष मशीनवर, प्रत्यक्ष उत्पादनात घालवलेले वर्ष दुसऱ्या दाराशी उभे राहताना फार कामाला येते.

एक आडवाट पुण्यातच सापडते. इथे जर्मन आणि जपानी कंपन्यांचे कारखाने आणि कार्यालये असल्यामुळे भाषेला मागणी असते, आणि शिकण्याची सोयही आहे. विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्गसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत एन-५ ही सर्वांत खालची पातळी आणि एन-१ सर्वांत वरची. एन-५ पास झाल्यावर नोकरीची अपेक्षा धरणे घाईचे होईल. पण कला शाखेतल्या चिकाटीच्या विद्यार्थ्याला ही दोन-तीन वर्षांची वाट फळते.

राहिली ओळख. ओळख आणि वशिला यांत फरक आहे. बहुतेक मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्याने सुचवलेल्या उमेदवाराचा अर्ज आधी वाचला जातो, आणि तो निवडला गेला तर सुचवणाऱ्याला बक्षीसही मिळते. त्यामुळे कॉलेजच्या सीनिअरला विचारणे म्हणजे त्याच्यावर भार टाकणे नव्हे. विचारण्याची रीत मात्र हवी. ‘दादा, काही असेल तर बघ ना’ या निरोपावर कोणीच काही करू शकत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘नमस्कार दादा, मी तुमच्याच कॉलेजचा, २०२५ च्या तुकडीचा. तुमच्या कंपनीच्या संकेतस्थळावर ज्युनिअर टेस्ट इंजिनिअरची जागा आहे, तिचा क्रमांक खाली देत आहे. जाहिरातीतल्या पाचपैकी चार गोष्टी मी प्रकल्पात वापरल्या आहेत. बायोडेटा जोडला आहे. योग्य वाटल्यास माझे नाव सुचवाल का?’ याला उत्तर द्यायला सीनिअरला एक मिनिट लागतो. आठ दिवस उत्तर नाही आले तर एकदा आठवण करावी. त्यानंतर गप्प बसावे.

पायरी सहावी : फोन, चाचणी आणि मुलाखत

पहिला फोन ही मुलाखतच असते. बसमध्ये असाल तर ‘मी प्रवासात आहे, अर्ध्या तासाने फोन केला तर चालेल का?’ असे विचारून ठेवून द्यावा. पीएमपीच्या इंजिनाच्या आवाजात पगाराची अपेक्षा ओरडून सांगण्यापेक्षा ते बरे. परत फोन करण्याआधी वही उघडून त्या जाहिरातीचे पान समोर ठेवावे.

इंग्रजीची धास्ती मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना जितकी असते तितकी ती बहुतेक ठिकाणी लागत नाही. परदेशी ग्राहकाशी बोलण्याचे काम असेल तिथे अस्खलित बोलणे अटळ आहे. इतरत्र समोरच्याला समजेल असे, संथ आणि पूर्ण वाक्यांतले इंग्रजी पुरते. ‘स्वतःविषयी सांगा’ याचे पाठ केलेले उत्तर दुसऱ्या वाक्यालाच ओळखू येते आणि मधला एक शब्द विसरला की सगळी गाडी अडते. पाठांतर करण्याऐवजी चार मुद्दे कागदावर लिहून, आरशासमोर नव्हे तर खोलीतल्या मित्रासमोर, रोज वेगळ्या शब्दांत बोलावे.

भोसरीतला एक प्रसंग मला नेहमी आठवतो. गुणवत्ता तपासणीच्या जागेसाठी सहा मुले आली होती. आमच्या विभागप्रमुखांनी टेबलावर लेथवर कातलेला एक लोखंडी तुकडा आणि एक व्हर्नियर कॅलिपर ठेवला आणि प्रत्येकाला एवढेच सांगितले की याचा व्यास मोजा. पाच जणांनी तुकडा उचलून थेट जबड्यांत धरला. सहाव्याने आधी रिकामे जबडे मिटवले, शून्याच्या रेघा जुळतात का ते उजेडाकडे धरून पाहिले, तुकड्यावरचे तेल रुमालाने पुसले आणि मग दोन ठिकाणी, काटकोनात, मोजले. त्याचे गुण सहांत सर्वांत कमी होते. साहेबांनी त्याला फक्त ‘लघुतम माप किती?’ एवढे विचारले, तो ‘०.०२ मिलिमीटर’ म्हणाला, आणि तिथेच निवड झाली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की मुलाखतीच्या आदल्या दिवशी नवे काही वाचू नये. ज्या कामासाठी जात आहात त्यातली सर्वांत साधी कृती पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात करून पाहावी. लेखापालाने एक बिल हातात आल्यापासून विवरणपत्रापर्यंत कसे जाते ते, आणि प्रोग्रामरने आपल्याच प्रकल्पातली एक चूक कशी शोधली ते.

माहीत नसलेल्या प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणावे, आणि जवळचे काही येत असेल तर ते पुढे करावे. मुलाखत झाली की त्याच संध्याकाळी आलेले सर्व प्रश्न वहीत उतरवावेत. चार मुलाखतींनंतर दिसते की निम्मे प्रश्न तेच ते असतात.

पायरी सातवी : फसवणूक ओळखणे

नियम एकच आहे आणि त्याला अपवाद नाही : नोकरीसाठी उमेदवाराने पैसे द्यायचे नसतात. नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत, पडताळणी शुल्क, गणवेश अशी नावे बदलतात. माझ्याच चुलतभावाने, मी याच व्यवसायात असताना, मला न विचारता एका कन्सल्टन्सीला पंधरा हजार रुपये भरले. त्याला नामांकित कंपनीचे बोधचिन्ह असलेले ऑफर लेटर ईमेलवर मिळाले, आणि ते घेऊन तो हिंजवडीच्या फाटकावर गेला तेव्हा सुरक्षारक्षकाने त्या आठवड्यातला तो तिसरा असल्याचे सांगितले. पत्र ज्या ईमेलवरून आले त्यातला ‘@’ नंतरचा भाग त्याने नीट वाचला असता तर कंपनीच्या नावात एक जादा अक्षर दिसले असते. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करण्याचे ‘काम’ देऊन आधी दोनशे रुपये देणारे आणि नंतर हजारो उकळणारे हे त्याच जातीचे. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. खोटे अनुभव प्रमाणपत्र विकत देणारेही शहरात आहेत. पडताळणीत भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी पाहिल्या जातात, आणि सापडलेल्या उमेदवारासाठी त्या कंपनीचे दार कायमचे बंद होते.

पायरी आठवी : ऑफर लेटर वाचणे

‘पॅकेज तीन लाख साठ हजार’ याचा अर्थ महिन्याला तीस हजार हातात, असा घरी सगळ्यांना वाटतो. एक नमुना मांडून पाहू. वर्षाच्या ३,६०,००० पैकी ३६,००० कामगिरीवर अवलंबून असतील तर ते वर्षाअखेरीस, आणि तेही पूर्ण मिळतीलच असे नाही. उरले ३,२४,०००, म्हणजे महिन्याला २७,०००. मूळ वेतन १५,००० धरले तर कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा १२ टक्के वाटा १,८०० रुपये आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७२० रुपये यातूनच दाखवली जाते. उरतात २४,४८०. आता तुमचा स्वतःचा १,८०० रुपयांचा वाटा आणि व्यवसाय कराचे २०० रुपये वजा केले की हातात २२,४८० येतात. व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० असतो. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो लागत नाही. ज्यांचे वेतन २१,००० पर्यंत आहे त्यांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते आणि ०.७५ टक्के त्यात जातात. त्या बदल्यात घरच्यांसह उपचारांची सोय मिळते, म्हणून त्या कपातीवर चिडू नये. खोलीचे भाडे आणि मेसचा हिशेब २२,४८० वर मांडावा, तीस हजारांवर नव्हे.

पगारानंतर तीन ओळी वाचाव्यात. नियुक्ती कोणाकडून आहे : कंपनीकडून की मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून. दुसरे, बाँड. ठरावीक मुदतीआधी सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च भरावा लागेल असा करार कायद्याने आपोआप रद्द ठरत नाही, त्यामुळे ‘बाँडला काही अर्थ नसतो’ या मित्रांच्या सल्ल्यावर सही करू नये. रक्कम आणि मुदत वाचून, ती पेलेल का याचा विचार करून करावी. मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणाकडेही ठेवायला देऊ नयेत, दाखवून परत घ्यावीत. तिसरे, नोटीस कालावधी. तो नव्वद दिवसांचा असेल तर पुढची नोकरी शोधताना त्याचा जाच होतो. शंका असल्यास भरती विभागाला ईमेल करून विचारावे. विचारल्यामुळे ऑफर काढून घेतल्याचे मी पाहिलेले नाही. उर्मट विचारल्यामुळे झालेले पाहिले आहे.

दोन ऑफर एकदम आल्या तर एकीला स्वच्छ शब्दांत नकार कळवावा. रुजू होण्याच्या दिवशी फोन बंद करून ठेवणारे उमेदवार दर महिन्याला भेटतात, आणि पुण्यातले भरतीवाले एकमेकांना ओळखतात.

रुजू झाल्यावर भविष्य निर्वाह निधीच्या खात्याचा जो यूएएन क्रमांक मिळेल तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावा. पुढे नोकऱ्या कितीही बदलल्या तरी तो एकच राहायला हवा. कंपनीने दर महिन्याचा निधी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. म्हणून दुसऱ्या पगाराची वाट न पाहता, १५ तारीख उलटून चार-पाच दिवस गेले की पीएफचे पासबुक उघडावे आणि पगारपत्रकावर कापलेली रक्कम तिथे जमा दिसते का ते ताडून पाहावे.